शिवणीपलीकडचा हात

वसईतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात भोचकपणा करते. दुसरा शब्द नाही त्याला. अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाच्या मज्जारज्जूत डोकवायचं आणि एकेका पेशीबद्दल विचारत सुटायचं: ही कोणाची? हिची आई कोण? हिच्या बहिणी कुठं नांदतायत? भुईगावात नवीन माणूस दिसलं की म्हाताऱ्या बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, "कोनाची गं तू?" मला त्यासाठी अनुदान मिळतं, त्यांना मिळत नाही, एवढाच फरक.

अडचण अशी की या पेशी दिसायला सगळ्या सारख्या आणि बिनरंगाच्या. मज्जारज्जू सुरुवातीला असतो एक पोकळ नळी. नळीच्या आतल्या अस्तरात आईपेशी बसलेल्या असतात. त्या विभागतात, त्यांच्या लेकी बाहेरच्या बाजूला सरकतात आणि निरोप वाहणारे न्यूरॉन होतात. एकदा का लेकी सरकल्या, की कोण कोणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून आम्ही आईलाच रंग देतो. डबीतला रंग नव्हे. हिरव्या उजेडाची पाककृती लिहिलेला डीएनए, मूळचा एका जेलीफिशचा, तो आईपेशीत सोडायचा. तो तिच्या वारशात जाऊन बसतो. मग तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्या निळ्या उजेडाखाली हिरव्या चमकतात आणि बाकी सगळा अंधार. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आनंदानं एक सणसणीत शिवी घातली होती, आणि मागे विभागप्रमुख श्रीरंग सर उभे होते.

या उद्योगाला अंडी लागतात, आणि दुकानातली चालत नाहीत. त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो, त्यांच्या अंड्यात पिल्लू येणार कुठून? माझी अंडी यायची भुईगावच्या रोझी आंटीकडून. तिची केळीची वाडी, वाडीत गावठी कोंबड्या आणि त्यांच्यावर राज्य करणारा एक तांबडा कोंबडा. मी स्कूटरवरून जायची आणि टोपलीतली, तुसात ठेवलेली अंडी घेऊन यायची. "पिल्लू मरतं का गं टीचर, त्यात?" तिनं एकदा विचारलं. मी हो म्हटलं. तिनं छातीवर क्रूस काढला, आणि मग अंडी दिली.

फेब्रुवारीत अंडी फसायला लागली. आधी एखाददुसरं, मग निम्मी, मग जवळजवळ सगळी. उबवणपेटीतून काढून कवचाला खिडकी पाडावी, तर आत नुसता बलक, पिल्लाचा पत्ता नाही. मी पेटीचा थर्मामीटर बदलला, पाण्याची वाटी बदलली, विजेच्या लपंडावाला शिव्या घातल्या. श्रीरंग सर म्हणाले, "बाई, ऑम्लेट करा आणि त्यावरच प्रबंध लिहा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षांच्या गडबडीत मी कित्येक दिवस भुईगावला गेलेच नव्हते, अंडी एका ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर येत होती. दोष माझ्या हातात नाही म्हणजे तो अंड्यात आहे, असा निकाल लावून मी स्कूटर काढली.

"आंटी, शिळी अंडी देतेस की काय मला?" मी फाटकातूनच ओरडले.

रोझी आंटी विहिरीपाशी चादरी धूत होती. "शिळी कशी असतील? सकाळचीच हायत."

"मग एकातही पिल्लू का धरत नाही?"

"कोंबडा नाय ना," ती म्हणाली.

"कुठं गेला?"

"खाल्ला."

तिनं हात पदराला पुसले आणि ओटीकडे मान वळवली. तिथं आरामखुर्चीत तिचे यजमान, बेनेडिक्ट अंकल, बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तळवा वर. कोणी तरी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

"मेंदूचा झटका आला त्यांना," रोझी आंटी हळू आवाजात म्हणाली. "मी बोलले होते, ह्यांना जिवंत घरी आनलं तर क्रुसापाशी लदीन करीन आन तांबडा कोंबडा पाहुन्यांना वाढीन. देवानं ऐकलं. मग मी फिरवू काय शब्द?"

गावातल्या क्रुसासमोर सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना म्हणजे लदीन. ती झाली, जेवणं झाली आणि माझ्या संशोधनाचा रस्सा झाला. बरं, कोंबडी कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे पोटात साठवून ठेवते, म्हणून अंडी एकदम न फसता हळूहळू फसत गेली. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण मला राग काढायचा होता, विचार नव्हता करायचा. फाटकातून ओरडल्याची लाज वाटली. मी चप्पल काढून ओटीवर गेले.

"ये टीचर," अंकल म्हणाले. बोलणं थोडं जड झालं होतं, पण डोळे तसेच बारीक आणि खवचट. "तू शिकलेली हायस. हा फोटो बघ."

बेनेडिक्ट अंकलचा पापडीला फोटो स्टुडिओ होता. निम्म्या वसईची लग्नं आणि चर्चमधली पोरांची पहिली कम्युनियनं त्यांनी टिपलेली. त्यांनी डाव्या हातानं मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली.

"डाग कुठं दिसतो?"

"फोटोत उजवीकडे."

"हात कुठला गेला?"

"उजवा."

"सरळ हिशोब झाला ना? आन तो डॉक्टर म्हनतो, झटका डाव्या मेंदूत हाय. म्हनजे त्यानं फोटो उलटा धरला. ज्याला बाजू कळत नाय, त्याच्या हातात मी माझा हात देऊ?"

मी शिक्षिका. समोर अज्ञान दिसलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी समजावलं की स्कॅनची फिल्म पायाकडून डोक्याकडे पाहिल्यासारखी वाचतात, म्हणून फोटोतली उजवी ती आपली डावी. शिवाय मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, कारण मज्जातंतू मध्येच एकमेकांना ओलांडतात.

अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनजे एकदा फोटो उलटा आन एकदा मानूस उलटा."

"हो."

"दोनदा उलटं केलं की सुलटं होतं ना? मग पहिल्यापासून सरळच का नाय म्हनत?"

वर्गात असा विद्यार्थी असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं, आणि मग संध्याकाळभर तेच डोक्यात घोळलं असतं.

"मी जन्मभर निगेटिव्ह धुतल्यात, टीचर. एका लग्नाचा आख्खा अल्बम माझ्याकडून उलटा छापला गेला. नवऱ्याच्या आत्यानं भर जेवनात विचारलं, अंगठी ह्या हातात कुठून आली? तेव्हापासून मी कुठल्याच फोटोवर विश्वास ठेवत नाय. माझ्या स्वतःच्या पन नाय."

निघताना मी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी थबकले. फळीला पडलेल्या भोकात एक पिवळा रबरी चेंडू घट्ट बसवला होता.

"मुंगूस शिरतं तिथून," रोझी आंटी म्हणाली. "फिजिओवाल्या पोरीनं दिलेला, मुठीत दाबायला. हे हातात घेत नाय. म्हटलं, कुठं तरी कामाला येऊ दे." मग तिचे डोळे भरून आले. "ती पोरगी म्हनते, जे परत यायचं ते ह्याच महिन्यांत येतं. नंतर कठीन. आन हे बघ, फोटोशी भांडत बसलेत. गोळ्या मी तोंडात घालते, पन मूठ कशी वळवू गं त्यांची?"

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. माणूस आळशी असता तर समजलं असतं. हा माणूस तर्क लढवून हात घालवत होता. मी परत ओटीवर गेले, फोन काढला आणि माझ्या पिल्लांचे हिरवे फोटो दाखवायला लागले.

"फोटोच दाखवतेस परत?" अंकल म्हणाले. "डोळ्यांनी दाखव. ओलांडतात म्हनतेस ना, मला ओलांडलेले दाखव."

आणि तिथंच, भर दुपारी, मला माझ्याच प्रयोगातला कचरा आठवला.

झालं होतं असं. मी ज्या आईपेशींच्या मागे होते त्या मज्जारज्जूच्या पाठीकडच्या कडेला राहतात. त्यांच्या लेकी आईच्याच बाजूला घर करतात. डावीच्या डावीकडे, उजवीच्या उजवीकडे. पण घर केलं की प्रत्येक लेक एक लांब धागा बाहेर काढते, आणि तो धागा मधली शिवण ओलांडून थेट दुसऱ्या बाजूला जातो. मी लेकी मोजत होते. त्यांचे हात कुठवर पोचतात याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. उलट ते हिरवे धागे मोजणीत लुडबुड करायचे, म्हणून मी फोटोतून ते भाग कापून टाकायची. अंकलना जे पाहायचं होतं ते मी रोज कापून टाकत होते.

"दाखवते," मी म्हटलं. "तुमच्याच कोंबडीच्या अंड्यात."

अंकल खुर्चीत सावरून बसले. "मग अंडं माझं. त्यावरची निशानी माझी. आन कुठली बाजू पेटवायची ते मी सांगनार. नाय तर तू आधीचंच काही तरी काढून दाखवशील."

"कुठली बाजू?"

"उजवी," ते म्हणाले, आणि मांडीवरच्या हाताकडे पाहिलंही नाही.

पण कोंबडा कुठं होता? रोझी आंटीला घर सोडता येत नव्हतं. तिच्या ओळखीची हंसा नावाची बाई चांदीपला राहते, तिच्याकडे कोंबडे असतात असं कळल्यावर मीच स्कूटर हाणत वसईच्या दुसऱ्या टोकाला गेले. हंसानं एक काळा-सोनेरी दांडगा कोंबडा कापडी पिशवीत घालून दिला, मुंडकं तेवढं बाहेर. हायवेच्या सिग्नलला तो आरवला. शेजारच्या मोटारीतल्या लोकांनी काचा खाली केल्या. माझ्या दोन विद्यार्थिनी पलीकडच्या स्कूटरवर होत्या हे मला दुसऱ्या दिवशी वर्गातल्या खुसुखुसू हसण्यावरून कळलं.

कोंबड्यानं भुईगावात पाऊल ठेवताच कामाला सुरुवात केली, पण अंडी भरवशाची व्हायला थोडे दिवस जावे लागले. ते दिवस मला फार जड गेले. रोझी आंटीचा फोन यायचा, तिला विचारायचं असायचं एकच, आणि ती ते न विचारता कोंबड्यांबद्दल बोलायची. चेंडू खुराड्यातच होता.

शेवटी अंडी मिळाली. कोंबडीला उबवायला बसवताना रोझी आंटी प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढते. दुसऱ्या कोंबड्या येऊन त्यात आपली अंडी घालून जातात. रेघ असेल ते मूळचं, नसेल ते उपरं. मला हसू आलं. मीही तेच करते, फक्त माझा कोळसा हिरवा आहे. या वेळी रेघा अंकलनी ओढल्या, डाव्या हातानं. वाकड्या, तुटक, पण दुसऱ्या कोणाला नक्कल करता येणार नाही अशा. सही करताना माणूस सावकाश हात चालवतो, तसे ते एकेका अंड्यावर वेळ घेत होते.

पुढचं काम माझं. अंडी उबवणपेटीत ठेवायची, पिल्लू तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं झालं की कवचाला खिडकी पाडायची. आत बलकावर ते पडलेलं असतं, इवलंसं लाल हृदय धडधडत. काचेच्या केसासारख्या सुईनं त्याच्या मज्जानळीत तो डीएनए सोडायचा. मग पिल्लाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक तारा धरायच्या आणि विजेचे हलके झटके द्यायचे. डीएनए धन तारेकडे ओढला जातो, त्यामुळे नळीची तेवढीच बाजू रंगते, दुसरी कोरी राहते. मी धन तार पिल्लाच्या उजवीकडे धरली. इतकी वर्षं हे करते, पण पहिल्यांदाच कोणी तरी या निकालाची वाट पाहत होतं. खिडकीवर चिकटपट्टी लावली आणि अंडी परत पेटीत.

त्यातली काही पिल्लं मेली. एकाची नळी फाटली. एकात हिरवा इतका फिका होता की मला दिसला असता, अंकलना नसता. एकच अंडं असं राहिलं की ज्यात हृदय जोरात चाललं होतं आणि खिडकीतून निळा उजेड टाकला की पाठीच्या एका बाजूनं हिरवी रेघ दिसत होती. मी आदल्या दिवशी सगळं तयार करून ठेवू शकले असते. पण मी ते अंडं बंदच ठेवलं.

अंकल आणि रोझी आंटी रिक्षातून आले. प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे ही बांधणाऱ्याची कृपा. स्नेहसंमेलनाचे काळे पडदे मी खिडक्यांना लावले होते. अंकलनी आधी कवचावरची रेघ बघितली, बोटानं चाचपली. "माझीच हाय," ते म्हणाले. मग त्यांच्यासमोर मी पिल्लू बाहेर काढलं, मज्जारज्जू सोडवला, पाठीच्या बाजूनं उभा चिरला आणि पुस्तक उघडावं तसा काचेवर सपाट पसरला. उजवं पान, डावं पान, मध्ये शिवण. रोझी आंटी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी दिवा घालवला, सूक्ष्मदर्शक जुळवला आणि अंकलची खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी डोळा लावला.

दुसरा डोळा त्यांनी डाव्या हातानं झाकला. मग म्हणाले, "रोझी. बघ गं. काजवे."

"आता काय दिसतं ते सांगा," मी म्हटलं.

"एका कडेला ठिपके. हिरवे. दाटी करून बसलेत." ते थांबले. आवाज बदलला. "टीचर, मी उजवी सांगितली होती."

"उजवीच आहे."

"हे डावीकडं दिसतात."

सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी दाखवतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे पहिल्याच तासाला सांगते, आणि ज्याला सांगायला हवं त्या एकाच माणसाला सांगायचं राहून गेलं होतं. अंकलनी डाव्या हातानं काच हळूच उजवीकडे सरकवली. चित्र डावीकडे पळालं असणार. त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुझं मशीन पन उलटं दाखवतं."

"हो, पण अंकल—"

"तू पन तसलीच." ते रागावले नव्हते. थकले होते. "चल रोझी."

रोझी आंटी हलली नाही. "नाय," ती म्हणाली. "मी देवाला कोंबडा दिला, हिला अंडी दिली, ते पिल्लू पन दिलं. तुम्ही अर्धंच बघितलंत. ठिपके बघितले, हात कुठं गेले ते बघितलं नाय. बघा आधी."

लग्नात फोटोसाठी कोणी हलायचं नाही असं अंकल म्हणत असतील, तसं ती म्हणाली. त्यांनी पुन्हा डोळा लावला. इथं मी एक शब्द जरी बोलले असते तरी तो डॉक्टरचा शब्द झाला असता.

"प्रत्येक ठिपक्यातून धागा निघतो," ते हळूहळू सांगायला लागले, वधूवरांना कसं उभं राहायचं ते सांगताना बोलत असतील तशा आवाजात. "बारीक. सगळे एकाच दिशेनं चाललेत. मधल्या शिवनीकडं. आता शिवन... ओलांडली. पलीकडं काळोख हाय, त्यात गेले. तिथं वळले."

"काच फिरवू?" मी विचारलं.

"फिरव. आख्खी उलटी कर."

मी काच अर्ध्या चक्रानं फिरवली. त्यांनी पाहिलं. ठिपके आता त्यांना उजवीकडे दिसत असणार आणि धागे शिवण ओलांडून डावीकडे गेलेले. त्यांनी काच परत फिरवायला सांगितली. मग पुन्हा. निगेटिव्ह आलटून पालटून बघावी तसं त्यांनी ते इतक्या वेळा करायला लावलं की माझी मान दुखायला लागली.

"कशी पन धर," शेवटी ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "घर एकीकडं ते एकीकडंच. हात दुसरीकडं तो दुसरीकडंच. उलटं छापून हे असं करता येत नाय. अंगठी ह्या हातातून त्या हातात जाईल, पन बोट नवऱ्याचं आन हात नवरीचा असं नाय होनार."

मला उडी मारावीशी वाटली. मी नुसतं हो म्हटलं.

ते मागे टेकले. मी दिवा लावला आणि त्यांचा चेहरा पाहिला, आणि माझा आनंद जागच्या जागी थांबला. चेहरा उतरला होता.

"म्हनजे त्या डॉक्टरनं फोटो बरोबर धरला होता," ते म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं हा माणूस हट्टी आहे. तो हट्टी नव्हता. फोटो उलटा असेल, तर कदाचित सगळंच चुकलं असेल. फिल्म दुसऱ्याचीच असेल, डाग नसेलच, एके दिवशी कोणी तरी येऊन म्हणेल, माफ करा, छापताना गडबड झाली. एवढी एक फट त्यांनी स्वतःसाठी उघडी ठेवली होती. ती मी बुजवली होती.

आणि मला आणखी एक सांगणं भाग होतं. न सांगता सुटले असते, पण मग मला पुन्हा कुठल्याच पेशीला तिच्या आईचं नाव विचारायचं तोंड राहिलं नसतं.

"अंकल, हे धागे वेगळे आहेत. मेंदूकडून हाताकडे येणारे हे नव्हेत. ते वर ओलांडतात, मानेच्या जरा वरती. ते मी तुम्हाला दाखवलेले नाहीत."

रोझी आंटीनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चांदीपचा कोंबडाही मीच कापून खाल्ला.

अंकलनी मान हलवली. "हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग वरच्याचं पन खरंच सांगत असशील." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, तळवा खाली. "हे इतकंसं पिल्लू, कोनी शिकवलं नाय त्याला. तरी शिवन ओलांडतं. बरं. मी पन तसाच बनलेला असेन."

परत जाताना मी त्यांच्या रिक्षामागून स्कूटरवर भुईगावपर्यंत गेले. काही काम नव्हतं. मला बघायचं होतं, एवढंच.

ओटीवर बसल्या बसल्या अंकल म्हणाले, "रोझी, खुराड्यातला चेंडू काढ."

"मुंगूस येईल."

"येऊ दे. नारळाची शेंडी कोंब तिथं."

ती धावतच गेली. चेंडू निघता निघेना. तिनं तो पिळून, ओढून काढला, भोकात शेंडीचा बोळा ठासला आणि चेंडू विहिरीवर साबणानं धुतला. त्यावर मुंगसाच्या की उंदराच्या दातांच्या खुणा होत्या. अंकलनी डाव्या हातानं उजवी बोटं एकेक करून उघडली, चेंडू तळव्यात ठेवला आणि बोटं त्यावर मिटवली. मग डावा हात काढून घेतला. तो हात त्यांनी वर नेला आणि डाव्या कानशिलावर दोनदा टकटक केली, शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी.

"ऐकतोस काय?" ते म्हणाले. "हात पलीकडं हाय. शिवन ओलांडून जा."

बोटं तशीच राहिली. आम्ही तिघंही त्या बोटांकडे पाहत होतो. चेंडू हळूहळू घसरला, मांडीवरून जमिनीवर पडला आणि ओटीच्या पायऱ्या उतरून कोंबड्यांत गेला. नवा कोंबडा दचकून उडाला.

रोझी आंटीनं चेंडू उचलला, पदराला पुसला आणि तो घेऊन ओटीवर आली.

अंकलनी डाव्या हातानं उजवी बोटं पुन्हा उघडली होती.

"परत दे," ते म्हणाले.